ढोलकीवाल्याचं नाव

अनसिंग, जि. वाशिम
६ जुलै २०२५

संघदीप,

जय भीम. पाकिटावरचं माझं अक्षर पाहून तुझ्या कपाळाला आठी पडली असेल, ती राहू दे. फोन तू उचलत नाहीस. मेसेज टाकला तर पाच महिने एकच बरोबरची खूण दिसते. मग म्हटलं, पोस्टमनला तर कोणी ब्लॉक करू शकत नाही. पत्ता कुठून मिळाला म्हणशील. जयंतीला तू आईला पांढरी साडी पाठवलीस, त्या पार्सलवर होता. मोरबी, टाइल्सचा कारखाना, खोली नंबर सात. तेवढा तुकडा मी कापून ठेवला. साडी आईला फार शोभली. ती नेसून ती मिरवणुकीत पहिल्या रांगेत चालली आणि कोणी विचारलं नाही तरी सांगत सुटली, "पोरानं पाठोली."

तर बातमी अशी, की आपलं गाणं अकरा हजारांवर गेलं.

आपलं म्हणतेय मी. बाबांनी लिहिलेलं, मी गायलेलं, तू वाजवलेलं आणि टिपलेलं. "पाटीवर नाव लिहिलं मायनं, घर सारं उजळलं." फेब्रुवारीत तू ते गाण्यांच्या ॲपवर चढवलंस आणि तिसऱ्या दिवशी बॅग उचलून निघून गेलास, तेव्हा ते त्रेचाळीस वेळा वाजलं होतं. त्यातलं निम्मं तर मीच वाजवलं असेल. मेलेल्या माणसाचं गाणं, ऐकून ऐकून कोण ऐकणार, असं मलाही वाटत होतं. आता ऐक, ते कशाने चाललं. तुला जे नको होतं, त्यानेच चाललं.

मारोतरावांच्या कापसाच्या खोलीत आपण रेकॉर्डिंग केलं. खोली छतापर्यंत कापसाने भरलेली, म्हणून आवाज घुमत नव्हता. ती युक्ती तुझीच. पण दुसऱ्या कडव्यानंतर मी आभाराची नावं घ्यायला लागले आणि तू डोक्याला हात लावलास. "ताई, गाणं हाये का लग्नपत्रिका? जगात कोणी गाण्यात नावं वाचते काय?" मी म्हटलं, जगाचं मला माहीत नाही, बाबा वाचायचे. त्यांची गायन पार्टी गावोगाव जायची तेव्हा कडवं संपलं की ढोलकी हळू व्हायची, हार्मोनियमवर एक सूर धरून बाबा नावं घ्यायचे. मंडप कोणी दिला, पार्टीला पिठलं-भाकर कोणी वाढली. नाव आणि गाव. मग पुढचं कडवं. ज्याचं नाव यायचं तो माणूस कार्यक्रम संपेपर्यंत ताठ बसायचा.

म्हणून मीही घेतली. अनसिंगचे मारोतराव, यांनी कापसाची खोली दिली. शेजारच्या गोजराबाई, यांनी तीन दुपारी पिठाची गिरणी बंद ठेवली. लखीराम जीपवाले, यांनी सामान आणलं आणि नेलं. केनवडच्या रंजीताताई, यांनी मागून सूर दिला. चार नावं, बावीस सेकंद. त्यावरून आपलं जुंपलं. रागात मीही काहीबाही बोलले असेन. पण शेवटी ती नावं तूच ठेक्यात बसवून दिलीस, तेव्हा मला वाटलं मिटलं.

आता लखीराम प्रत्येक फेरीत जीपमध्ये आपलं गाणं लावतो. त्याचं नाव आलं की आवाज वाढवतो आणि मागे वळून सगळ्यांची तोंडं बघतो. लोक ओरडतात, "बाबू, समोर पाह्य समोर!" वाशिमला उतरेपर्यंत निम्म्या लोकांनी गाणं आपल्या फोनवर घेतलेलं असतं. गोजराबाईंची तर दादागिरी आहे. त्यांच्याकडे साधा फोन, म्हणून दळण घेऊन येईल त्याला त्या म्हणतात, "लाव तुह्या फोनवर. माह्यं नाव हाये त्याच्यात." गाणं पुरतं वाजल्याशिवाय पिठाचा डबा हातात देत नाहीत. परवा मला म्हणाल्या, "पोरी, ज्याचं नाव घेतलं थो कमीत कमी दहा जणायले ऐकोते. आता तूच गणित कर."

ॲपमध्ये एक आलेख असतो, तुला माहीत आहेच. लोक गाणं कुठे सोडून देतात, कुठे मागे घेऊन पुन्हा ऐकतात. मी घाबरत उघडला. नावं येतात तिथे रेघ खाली पडलेली असेल असं वाटलं होतं. तिथेच ती सगळ्यात वर आहे.

उत्तर दे. लिहायचा कंटाळा असेल तर कोरं पोस्टकार्ड टाक, मी समजून घेईन.

तुझी ताई,
रत्नमाला


१७ ऑगस्ट २०२५

संघदीप,

कोरं पोस्टकार्डही नाही. बरं.

वर्षावास चालू आहे. संध्याकाळी विहारात ग्रंथवाचन असतं, चाळीसेक बाया येतात. वाचन झालं की कोणीतरी म्हणतंच, "आशाताई, थे पाटीचं गाणं लावा." मला अजूनही कोणी गायिका म्हणत नाही. लसीकरणाची आणि बाळंतपणाची आशाताई ती आशाताईच. गाणं झालं की प्रत्येक बाई ते आपल्या माहेरी पाठवते. यात केवढी ताकद आहे ते आधी माझ्या ध्यानात आलं नव्हतं. चाळीस बाया म्हणजे चाळीस माहेरं! हिंगोली, पुसद, मेहकर, पार औरंगाबादपर्यंत. माहेरच्या बाया पुढे त्यांच्या माहेरी पाठवतात. नकाशावर एकेक गाव उगवताना दिसतं आणि मी ओळखते, हे अमकीच्या वहिनीचं, हे तमकीच्या मावशीचं.

अकोल्याहून एका माणसाचा फोन आला होता. म्हणाला, "मॅडम, आठ दिवसांत तुमचे एक लाख करून देतो." मी विचारलं, "कोणत्या गावचे?" तो म्हणाला, "कोण?" म्हटलं, "ते एक लाख." मग मीच फोन ठेवला.

याचं श्रेय मात्र मी घेणार नाही. कपाटाच्या दाराच्या आत तू चिकटवलेला कागद मला मागच्या महिन्यात सापडला. तुझं ते कोंबडीच्या पायांचं अक्षर. "ताई, पयल्या दहा सेकंदात तुहा आवाज पाहिजे, पेटी मांगून. फुलाचा फोटो लावू नको, आईचा लाव. कमेंट आली तर नुसता आंगठा नको, त्याचं नाव घेऊन उत्तर देजो. अन् इकत घेऊन एक बी ऐकणारा आणू नको, थो टिकत नाई." गेला महिनाभर मी तंतोतंत तसंच करतेय. आईचा फोटो लावला, पांढऱ्या साडीतला. रोज जेवण झाल्यावर पाऊण तास कमेंटना उत्तरं लिहिते. कारंज्याच्या एका मास्तरांनी लिहिलं, की त्यांची आईही साठाव्या वर्षी सही शिकली होती. त्यांना मी आईचं नाव विचारलं. तेव्हापासून ते शाळेतल्या सगळ्यांना गाणं पाठवत असतात.

जाण्याआधी तू तो कागद चिकटवून गेलास. रागावून जाणारा माणूस असं करतो का, हे कोडं मला उलगडत नाही.

आणखी एक. त्या नकाशावर खाली खाली बघत गेलं की एक ओळ येते. मोरबी, ऐकणारे, एक. दर आठवड्याला एकच, पण चुकत नाही. मोरबीत आपलं दुसरं कोणी आहे का रे? मला तर आठवत नाही.

ताई


९ नोव्हेंबर २०२५

संघदीप,

आधी आनंदाची बातमी. चव्वेचाळीस हजार! आणि लोकांचे निरोप येतात, पुढच्या गाण्यात आमच्याही बापाचं नाव घ्या म्हणून. मी वहीच केली आहे. गाणं ज्यांनी पुढे नेलं त्यांची नावं, गावं, आणि कोणाला ऐकवलं ते. माणसं मोजायची सवय आशाच्या कामाने लावलीच आहे.

म्हणजे नावांच्या बाबतीत मी बरोबर होते आणि तू चुकलास. तू हे एकदा कबूल कर आणि घरी ये, मी तोंडातून एक शब्द काढणार नाही. नावांवरून भांडण, एवढ्याशा गोष्टीसाठी आईला

(इथपर्यंत लिहिलं आणि आईला वाचून दाखवलं. आता पुढचं दोन दिवसांनी लिहितेय. वरचं खोडणार नाही. तुझी ताई किती शहाणी आहे ते तुला दिसू दे.)

आई शेंगा फोडत होती. ऐकता ऐकता तिचे हात थांबले. म्हणाली, "हे नको पाठवू. थो नावायसाठी नाई गेला."

"मग कायसाठी गेला?"

"नावासाठीच गेला. पण तू समजते थ्या नाई."

मग तिने सांगितलं. तू गाणं चढवलंस त्या दुपारी कानाला यंत्र लावून माजघरात बसलास. तीनदा ऐकलंस. तिने विचारलं, "झालं का बाप्पा मनासारखं?" तेव्हा तू एक कान मोकळा केलास आणि तिला म्हणालास, "आई, ताईनं मारोतरावचं नाव घेतलं. गिरणीवालीचं घेतलं. जीपवाल्याचं घेतलं. माह्यं कुठं हाये?"

मी आईवर चिडले. नऊ महिने हे पोटात ठेवलंस कशी, असं विचारलं. ती म्हणाली, "त्यानं आन घातली, ताईले सांगू नको म्हणे. अन् सांगून तू काय म्हटलं असतं? घरच्याचे कायचे आभार, हेच ना?"

हेच म्हटलं असतं. हेच म्हणत होते मी, म्हणून तर तुझं नाव मनातसुद्धा आलं नाही. परक्याचे आभार मानायचे, घरच्याचे मानले तर तो परका होतो, असंच ऐकत मोठी झाले.

शेंगा तशाच ठेवून आई जरा वेळाने म्हणाली, "तुह्या बापाच्या पार्टीत वीस वर्सं मी मांगून सूर धरला. मंडपवाल्याचं नाव घे, कंदीलवाल्याचं घे. माह्यं कधी घेतलं नाई. दरखेपी वाटे, आज घेतीन." गाणं तिच्यावरच आहे, संघदीप. पाटीवर नाव लिहिणारी माय तीच. बाबांनी पूर्ण गाणं तिच्यावर केलं आणि त्यात लिलाबाई हा शब्द नाही.

मला त्या दिवशी भाकरी गेली नाही.

रत्नमाला


३० नोव्हेंबर २०२५

संघदीप,

तीन आठवडे हे पत्र लिहून फाडतेय. आभार मानायची मला एवढी सवय, चहा देणाऱ्यालाही सोडत नाही, आणि तुझे मानायला बसले की पेन अडतं. तरी मानते. हसू नकोस.

आधी ते बोललेलं. पहिल्या पत्रात मी "काहीबाही" लिहिलं, ती लबाडी होती. मला माझा शब्द न् शब्द आठवतो. कापसाच्या खोलीत, रंजीताताईंच्या समोर मी तुला म्हणाले होते, "तुह्याशिवाय ढोलकीवाले का कमी हायेत? गल्लोगल्ली भेटतात." तू खाली बघून ढोलकीची दोरी आवळलीस. संघदीप, मी चुकले. मला माफ कर.

ढोलकीवाले भेटत नाहीत. परवा गाणं मी पहिल्यांदा तुझे कान लावून ऐकलं. माझा आवाज जिथे थकतो, तिथे तुझी थाप जरा पुढे येऊन त्याला उचलते. जिथे मी बरी गाते तिथे तू स्वतःचा आवाज इतका कमी केलायस की ढोलकी आहे हेही कळू नये. दारावर गोधडी तू टांगलीस. पाखरं ओरडतात म्हणून तीन दिवस दर वेळी वाजवायला बसण्याआधी अंगणात जाऊन पाखरं तू हाकललीस. मी सोळाव्या वेळी चुकले तेव्हा "अजून एक डाव घेऊ ताई, घाई नाई" असं तूच म्हणालास.

आणि ॲपवर, गाण्याच्या माहितीत बघितलं. गायिका, रत्नमाला. गीत, भिवाजी. वादनाची जागा कोरी. सगळं तुझ्याच हातात होतं, लिहून टाकायचं होतंस. पण आपलं नाव आपण कसं घ्यायचं, ते दुसऱ्याने घ्यायचं असतं. बाबांचा मुलगा तू, तुला हे माझ्याहून जास्त कळत होतं. तू वाट बघितलीस आणि मी गोजराबाईंच्या गिरणीचे आभार मानत होते.

अजून एक आहे, ते गाण्याच्याही आधीचं. चार वर्षांपूर्वी मी शेलूबाजारच्या बस स्टॉपवर एका पिशवीनिशी उभी होते आणि तुला फोन केला होता. सासरी काय झालं ते तू विचारलं नाहीस. लखीरामची जीप घेऊन आलास, पिशवी उचललीस, मला पुढे बसवलंस. सगळ्या वाटेने सीटवर बोटांनी ठेका धरत होतास. घर आलं तेव्हा एवढंच म्हणालास, "आईनं वांग्याची भाजी केली हाये." त्या ठेक्यावरच मी पुन्हा गायला लागले. बाबा गेल्यावर माझा गळा बंद झाला होता, तो तू उघडलास. एवढं सगळं मी घरचं म्हणून खिशात घातलं. फार आभारी आहे रे बाबा. आधी म्हणायला हवं होतं.

मारोतरावांकडे पहिल्या वेचणीचा कापूस आलाय. खोली अर्धी भरली. पूर्ण भरली की बाबांचं दुसरं गाणं टिपायचं आहे. कापूस असेपर्यंतच ती खोली आपली, हे तुला वेगळं सांगायला नको. तू येशील का, हे विचारायची हिंमत नाही. कापूस भरला, एवढंच कळवते.

ताई


१४ डिसेंबर २०२५

संघदीप,

तू आला नाहीस. मी रुसलेले नाही, रुसायचा हक्क या वर्षी तुझा.

गाणं टिपलं. तू ठेवून गेलेल्या माइकवर, तू दाखवलं तसं. रंजीताताई आल्या होत्या आणि शेजारी आई उभी राहिली. आधी नाही नाही करत होती, मग असा सूर लावला की रंजीताताई आपला सूर विसरून तिच्याकडे बघत राहिल्या. ढोलकीला मी दुसरं कोणी बोलावलं नाही. नुसत्या टाळ्यांवर गायले. गाणं लंगडं झालंय हे मला माहीत आहे.

दुसऱ्या कडव्यानंतर नावं घेतली. वहीत आता दोनशे नावं आहेत, ती पुढच्या गाण्यांत थोडी थोडी घेईन. या वेळी दोनच. लिलाबाई, अनसिंग, यांनी वीस वर्षं मागून सूर दिला. संघदीप, अनसिंग, हल्ली मुक्काम मोरबी, यांनी ढोलकी वाजवली, गाणं टिपलं आणि बहिणीला घरी आणलं. बहीण आभारी आहे.

आईचं नाव उच्चारलं तेव्हा तिने पदर तोंडाला लावला. रेकॉर्डिंगमध्ये एक हुंदका आहे, तो तिचा. तू असतास तर पुन्हा घेऊ म्हणाला असतास. मी ठेवला.

गोजराबाई खोलीच्या दारात बसल्या होत्या. गिरणी याही वेळी बंद ठेवली होती. "या डाव माह्यं नाव नाई काय?" म्हणून आधी फुरंगटल्या. कोणाचं घेतलं ते सांगितल्यावर म्हणाल्या, "पोराचं घेतलं ना? मंग बरं केलं. पण एकच डाव काहून घेतलं? दोन डाव घ्यायचं."

काल ॲपवर चढवलं. वादनाच्या जागी तुझं नाव लिहिलं. पहिल्या गाण्यावरही लिहिलं. ऐकशील तेव्हा ऐक.

रत्नमाला


२८ डिसेंबर २०२५

संघदीप,

हे छोटंसं.

दोन आठवडे मी नकाशा उघडला नव्हता. भीती वाटत होती की ती शेवटची ओळ गेली असेल. आज सकाळी आईने चहा टाकला आणि म्हणाली, "पाय ना एक डाव. पाहून त काय पाप लागते?" मी उघडला. पुसद वाढलं, हिंगोली वाढलं, कारंज्याच्या मास्तरांनी आख्खी शाळा कामाला लावलेली दिसते. बोटाने सरकवत अगदी खाली गेले. तिथे मोरबी नव्हतं.

मग वर गेले. मोरबी वर सरकलं होतं. मोरबी, ऐकणारे, एकोणीस.

मी तीनदा वाचलं. आईला दाखवलं. तिला अक्षरं नीट दिसत नाहीत, पण आकडा दिसला. "एकोनीस? तथी आपले एवढे कोन हायेत?" मी म्हटलं, "कोणीच नाहीत, आई. त्यानं आपल्या खोलीतल्या पोरांना ऐकवलं." ज्याचं नाव घेतलं तो कमीत कमी दहा जणांना ऐकवतो, हे गोजराबाईंचं गणित मी तिला सांगितलं. मग तिने उठून तुझी ढोलकी खुंटीवरून काढली, पदराने पुसली आणि उन्हात ठेवली.

त्या अठरा जणांना माझे आभार सांग. नावं आणि गावं कळव, वहीत लिहून ठेवते.

गावात सध्या कापूस विकायची घाई आहे, सगळ्यांच्या खोल्या रिकाम्या होऊन राहिल्यात. मारोतरावांकडे दुपारी व्यापारी आला होता. त्यांनी त्याला दारातूनच परत पाठवलं. मी विचारलं, "काका, भाव बरा होता म्हणतात, मग?" तर म्हणाले, "भाव पुढंबी येईन. ढोलकी वाजल्याबिगर मी खोली रिकामी करत नाई. त्याले सांगजो."

सांगितलं.

तुझी ताई